बेल हाऊसिंगखाली ऑईल ठिबकतंय; गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय काय तपासावं?

सहाचाकी

नमस्कार मंडळी. ट्रक वीस वर्षांपेक्षा जुना आहे. सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, टर्बो, इनलाइन पंप, एअर ब्रेक. चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीत) साधारण १५ लिटर ऑईल बसतं, १५डब्ल्यू४० दाटपणाचं वापरतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तिथे, म्हणजे बेल हाऊसिंगच्या खालून, ऑईल ठिबकतं. गाडी रात्रभर उभी राहिली की तळहाताएवढा डाग पडतो. चालवून आल्यावर पहिला अर्धा तास जास्त ठिबकतं, मग कमी होतं. ४०० किलोमीटरला अंदाजे अर्धा लिटर ऑईल वर घालावं लागतं. चेंबरचा मागचा भाग, बेल हाऊसिंग, गिअरबॉक्सचं तोंड, सगळं काळं आणि ओलं आहे. क्लच अजून घसरत नाही. धूर नेहमीसारखाच.

सल्ला असा मिळालाय की मागची क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाभोवती ऑईल अडवणारी कडी) गेली, गिअरबॉक्स उतरवा. काम मोठं आहे, म्हणून आधी विचारतो: सीलच आहे हे उघडण्याआधी पक्कं कसं करायचं? आणि दुसरीकडून येत असेल तर कुठून?

---

रिंगपाना

सहाचाकी भाऊ, गिअरबॉक्सला हात लावू नका. जिथे थेंब पडतो ती जागा फक्त ऑईल कुठे पोचलं एवढंच सांगते. ऑईल खाली उतरतं, आणि गाडी चालताना पंख्याची व समोरची हवा त्याला मागे ढकलते. म्हणून इंजिनच्या सर्वात मागच्या-खालच्या कोपऱ्यात, म्हणजे नेमकं बेल हाऊसिंगच्या खाली, वरच्या प्रत्येक गळतीचं ऑईल येऊन जमतं. शोधायची जागा उलटी: ओल्या भागातला सर्वात वरचा आणि सर्वात पुढचा बिंदू.

तो बिंदू आत्ता दिसणार नाही, कारण सगळंच काळं आहे. आधी धुवा, आणि नीट धुवा.

इंजिन कोमट असताना काम करा, तापलेलं असताना नाही. अल्टरनेटर, स्टार्टर, एअर क्लीनरचं तोंड, ब्रीदरची (इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या तोंडाची) नळी आणि वायरिंगचे कनेक्टर प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्या. जाड थर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढा. मग डीग्रीझर किंवा रॉकेल ब्रशने लावा, १०-१५ मिनिटं मुरू द्या, साबणाच्या पाण्याने धुवा. जोराचा फवारा सीलच्या ओठावर, पंपावर किंवा कनेक्टरवर थेट मारू नका, पाणी आत जातं. शेवटी हवेने किंवा फडक्याने पूर्ण कोरडं करा. सिलिंडर हेडच्या मागची बाजू, केबिनखाली दडलेली, तिथे हात पोचत नाही म्हणून ती नेहमी राहून जाते. तीच सर्वात महत्त्वाची आहे. केबिन उलटत असेल तर उलटा, पण आधार-दांडा लॉक झाल्याशिवाय खाली डोकं घालू नका. चाकांना अडणी लावा.

मग ऑईलची पातळी मोजायच्या काडीवरच्या दोन खुणांच्या मध्ये आणा. गाडी सपाटीवर हवी, इंजिन बंद करून १०-१५ मिनिटं झालेली हवीत. वरच्या खुणेच्या वर भरलेलं ऑईल क्रँकच्या फटक्यात सापडून फेसाळतं आणि ब्रीदरमधून बाहेर येतं. ती गळती नव्हे, ते जास्तीचं भरलेलं ऑईल आहे.

आता संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर उडवा: टॅपेट कव्हरची (सिलिंडर हेडवरच्या झाकणाची) कड, हेड आणि ब्लॉकमधली रेघ, टर्बोच्या ऑईल रिटर्न पाइपची दोन्ही टोकं, एअर कॉम्प्रेसरचा पाया, डिझेल पंपाची बैठक, फिल्टर हाऊसिंग, प्रेशर स्विच, चेंबरची पूर्ण कड. पावडर कोरड्या धातूवरच बसते, म्हणून वर कोरडं करण्यावर एवढा भर दिला. एअर क्लीनरच्या तोंडाजवळ मात्र उडवू नका.

पहिला टप्पा: इंजिन आयडलवर १५-२० मिनिटं. बंद करा, टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. दुसरा टप्पा: २०-३० किलोमीटर, निम्मं अंतर तरी भार घेऊन. परत बघा. हे दोन टप्पे वेगळे ठेवा. आयडलला दिसलेली ओल बहुतेक वेळा साध्या पाझराची असते. फक्त भाराखाली दिसणारी ओल म्हणजे ऑईलचा दाब असलेली जागा, किंवा क्रँककेसमधली (क्रँक फिरतो त्या पोकळीतली) हवा आतून ढकलतेय.

पावडरवर ओलीची रेघ खालून वर वाचायची. रेघ जिथे संपते तिथून दोन बोटं वरची जागा फडक्याने पुसा, पाच मिनिटांनी परत बघा.

---

तेलपाणी

रिंगपाना यांनी धुण्याचं सांगितलं ते अगदी बरोबर. एक गोष्ट त्याच्याही आधी करा: ब्रीदर तपासा. जुन्या इंजिनात सील किंवा पॅकिंग बदलूनही महिन्याभरात परत गळतं, त्याचं सर्वात मोठं कारण हेच.

पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतोच, नव्या इंजिनातही. तो ब्रीदरमधून बाहेर पडतो. ब्रीदरची जाळी काजळीने भरली, नळी आतून फुगली किंवा तिचं टोक चिखलाने बुजलं, की तो वायू दुसरी वाट शोधतो. ती वाट म्हणजे तुमचं सर्वात अशक्त पॅकिंग. टॅपेट कव्हर, काडीची नळी, क्रँकच्या पुढच्या-मागच्या सीली सगळ्या एकदम पाझरायला लागतात, आणि दोष सीलचा वाटतो.

साधी खूण: इंजिन आयडलला असताना ऑईल भरायचं झाकण काढून उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. थोडं हललं, थोडी वाफ आली तर चालतं. झाकण नाचून बाजूला पडत असेल तर बॅक कॉम्प्रेशन (रिंगांतून खाली उतरणारा वायू) जास्त आहे, किंवा ब्रीदर बंद आहे.

ही खूण ढोबळ आहे. मोजायचं असेल तर मीटरभर पारदर्शक नळी घ्या, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बांधा, अर्ध्यापर्यंत पाणी भरा. एक टोक काडीच्या नळीला घट्ट बसवा, दुसरं मोकळं ठेवा. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून नळी लांब बांधा. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक मिलिमीटरमध्ये वाचा: आयडलला एकदा, पूर्ण आरपीएमला एकदा. मर्यादा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधली धरा, इंजिनागणिक ती बदलते. पण मर्यादा हाताशी नसली तरी तुलना खूप सांगते.

ब्रीदरची नळी आणि जाळी काढून टाकल्यावर फरक एकदम खाली आला, तर ब्रीदर किंवा त्याची नळी बुजली आहे. साफ करा, मगच पुढचा विचार. दोन्ही काढूनही फरक तसाच राहिला, तर वायू खरोखरच जास्त तयार होतोय.

तेव्हाही लगेच रिंगांवर जाऊ नका. एअर कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्या असतील तर तोही क्रँककेसमध्ये हवा मारतो. हवेच्या टाक्या भरताना आणि भरून कॉम्प्रेसर अनलोड झाल्यावर (हवा दाबणं थांबल्यावर), अशी दोनदा नळी वाचा. अनलोड होताच पाणी खाली आलं तर दोषी कॉम्प्रेसर. जोडीला एअर टाकीचा ड्रेन उघडून बघा, काळं ऑईल येत असेल तर पुरावा मिळाला. टर्बोच्या टर्बाइन बाजूची सीलसुद्धा एक्झॉस्ट वायू रिटर्न पाइपमधून चेंबरमध्ये सोडते, ती शंका भाराखालच्या वाचनात दिसते.

ब्रीदरची तारेची जाळी रॉकेलमध्ये तासभर भिजवा, हलवून धुवा, हवेने वाळवा. नळी उजेडाकडे धरून आरपार बघा. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या जुन्या रबरी नळीचं आतलं अस्तर सुटून पडदा होतो, हे फार वेळा नजरेतून सुटतं. नळीला खोलगट झोळ नसावा, तिथे पाणी-ऑईलचा लोण्यासारखा गोळा साचतो.

---

सहाचाकी

दोघांचेही आभार. धुणं आणि ब्रीदर या रविवारी करतो. तीन शंका: अल्ट्राव्हायोलेट डाय टाकला तर लवकर सापडेल का? गळती थांबवणारं औषध बाटलीत मिळतं ते घालावं का? आणि अर्धा लिटर खरंच या ठिबकण्यातूनच जातंय हे कसं समजायचं?

---

रिंगपाना

डाय चांगला, पण डिझेलच्या काळ्या ऑईलमध्ये काजळी त्याची चमक खाते. ऑईल बदलायची वेळ आलीच असेल तर नव्या ऑईलमध्ये टाका, प्रमाण बाटलीवरचं. १५ लिटरच्या चेंबरला कारसाठीची एक छोटी बाटली पुरत नाही. दिवा लावून बघताना अंधार हवा आणि पिवळा चष्मा हवा. टाकताना भोकाबाहेर सांडलेला थेंबही चमकतो आणि दिशाभूल करतो, तो आधी पुसा. तुमच्या बाबतीत पावडर पुरेल असं वाटतं.

औषध घालू नका. ते रबर फुगवतं, थोडं मऊ करतं. कडक झालेल्या रबरी सीलवर काही दिवस फरक दिसू शकतो. कॉर्क, कागदी पॅकिंग, गॅस्केट सीलंट किंवा शाफ्टवर पडलेली खाच यांवर त्याचा काही उपयोग नाही. चांगल्या सीली मात्र गरजेपेक्षा जास्त फुगतात. २०डब्ल्यू५० घालून गळती कमी करायचा सल्लाही मिळेल. थंड सुरुवातीला जाड ऑईल वर टॅपेटपर्यंत आणि टर्बोपर्यंत उशिरा पोचतं. थेंब वाचवून टर्बोचं बेअरिंग झिजवण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या शंकेचं उत्तर मोजून काढा. गाडी चालवून आणा, इंजिन आयडलला ठेवा, खाली स्वच्छ ट्रे ठेवा आणि मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजा. साधारण २५ थेंबांचा एक मिलिलिटर धरा. मिनिटाला १० थेंब म्हणजे तासाला ६०० थेंब, म्हणजे २४ मिलिलिटर. ४०० किलोमीटरला दहा तास चाललं तर २४० मिलिलिटर. चालताना आयडलपेक्षा जास्त जाईल हे खरं, पण थेंब मिनिटाला दोनच असतील तर अर्धा लिटर त्यातून जाणं अवघड. मग उरलेलं जळतंय, ब्रीदरमधून जातंय किंवा कॉम्प्रेसर ते टाकीत ढकलतोय.

अजून एक. ठिबकणारं ऑईल इंजिनचंच आहे ना, हे पांढऱ्या कागदावर थेंब घेऊन बघा. इंजिन ऑईल काळं, बोटावर काजळी सोडणारं. गिअर ऑईल मधासारखं किंवा तपकिरी, आणि त्याला गंधकाचा उग्र वास. डिझेल मिसळलेला थेंब कागदावर भराभर पसरतो, कडेला फिकट ओलं वर्तुळ दिसतं, वासही येतो. स्टिअरिंगचं ऑईल बऱ्याच गाड्यांत लाल असतं.

---

मायक्रोमीटर

मूळ प्रश्न मागच्या सीलचा होता, त्यावर लिहितो. बेल हाऊसिंगच्या तळाशी बहुतेक इंजिनांना तपासणीची पत्र्याची झाकणी किंवा ड्रेनचं भोक असतं. झाकणी काढा. तोंड लहान असेल तर वाकणारा एंडोस्कोप कॅमेरा आत घाला. आत काय दिसतं त्यावर सगळा निकाल आहे.

बेल हाऊसिंग आतून कोरडं, धूळ बसलेलं आणि बाहेरून ओलं: सील ठीक आहे. ऑईल वरून, हेडच्या मागून किंवा ब्लॉकच्या बाजूने येतंय.

आतून ओलं असेल तर कोणती बाजू ओली ते बघा. फ्लायव्हीलची (क्रँकच्या मागच्या टोकाला बसवलेल्या जड चाकाची) इंजिनकडची बाजू ओली आणि हाऊसिंगच्या भिंतीवर गोल फिरून उडालेल्या थेंबांचा पट्टा असेल तर ऑईल क्रँकच्या सीलमधून, किंवा सीलच्या हाऊसिंगच्या पॅकिंगमधून येतंय. पट्टा नाही पण ब्लॉकच्या मागच्या भिंतीवर एका जागेवरून सरळ खाली ओघळ असेल, तर कॅमशाफ्टच्या मागचं भोक बंद करणारी वाटी किंवा ऑईल गॅलरीचा (ब्लॉकमधल्या ऑईलच्या वाटेचा) प्लग बघा. तिथली गळती सीलच्या नावावर खपते. क्लचच्या बाजूने, फ्लायव्हीलच्या बोल्टांपासून किरणांसारख्या रेघा निघाल्या असतील तर बोल्टांच्या आट्यांतून येतंय. काही इंजिनांत ही भोकं क्रँकमध्ये आरपार असतात, तिथे आट्यांना सीलंट लावावाच लागतो. गिअरबॉक्सच्या तोंडाकडचा भाग ओला आणि ऑईलला गंधकाचा वास, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टची सील.

एक लक्षण तुम्हीच लिहिलंय. क्लच घसरत नाही. ४०० किलोमीटरला अर्धा लिटर ऑईल सीलमधून फ्लायव्हीलवर पडत असतं, तर क्लच प्लेट एव्हाना ओली होऊन घसरायला लागली असती. हा पक्का पुरावा नव्हे, पण माझा कल वरच्या गळतीकडे आहे.

आणि इंजिन बंद केल्यावर अर्धा तास जास्त ठिबकून मग कमी होणं हे वर कुठेतरी साचलेल्या ऑईलचं वागणं आहे. मागच्या सीलचा खालचा ओठ चेंबरच्या ऑईलच्या पातळीच्या वरच असतो, पण मागच्या बेअरिंगमधून सुटलेलं ऑईल फिरताना थेट सीलवर येतं. म्हणून सील मुख्यतः इंजिन चालू असताना गळते.

---

सहाचाकी

केलं सगळं. निरीक्षणं क्रमाने देतो.

झाकण आयडलला हलत होतं, पडलं नाही. पाण्याची नळी लावली: ब्रीदर जोडलेला असताना पूर्ण आरपीएमला फरक ७० मिलिमीटर. ब्रीदरची नळी काढल्यावर १२ मिलिमीटर. कॉम्प्रेसर अनलोड होण्याने काही बदललं नाही. नळी कापून बघितली तर आतलं अस्तर सुटलेलं, अर्ध्याहून जास्त वाट बंद. नळी नवी घातली, जाळी धुतली. आता पूर्ण आरपीएमला १४ मिलिमीटर.

धुऊन पावडर मारली. आयडलला २० मिनिटांनंतर शेवटच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पावडर पिवळसर-काळी. ३० किलोमीटरनंतर तिथून ब्लॉकच्या मागून बेल हाऊसिंगपर्यंत सलग ओघळ. बेल हाऊसिंग आतून कोरडं, धूळ जशीच्या तशी. शिवाय प्रेशर स्विचच्या कनेक्टरमध्ये थोडं ऑईल, आणि चेंबरच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात बोटभर ओल.

म्हणजे गिअरबॉक्स वाचला. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कॉर्कचं आहे, बोल्ट आवळून बघितले तर आधीच कडक होते. पत्र्याचं कव्हर आहे. कसं बसवायचं?

---

रिंगपाना

ते बोल्ट आवळल्यामुळेच गळतंय. पत्र्याचं कव्हर आणि कॉर्क यांना जास्त आवळलं की प्रत्येक बोल्टाच्या भोकाभोवती पत्रा खाली दबतो आणि दोन बोल्टांच्या मधला भाग वर उचलला जातो. परत आवळलं की ती कमान अजून उंच होते.

कव्हर काढण्याआधी आजूबाजूची माती हवेने उडवा, ती टॅपेटवर पडू देऊ नका. काढल्यावर कव्हरची कड काचेवर किंवा सपाट पत्र्यावर ठेवा आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. कुठेही ०.५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट जात असेल तर सरळ करा: कड सपाट लाकडी ठोकळ्यावर पालथी घ्या, बोल्टाच्या भोकाभोवतीचा उंचवटा लहान हातोडीने हलक्या ठोक्यांनी बसवा, सारखं तपासत राहा. पत्रा चिरला असेल तर कव्हर बदला.

हेडवरचं जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या किंवा पितळी पट्टीने काढा. धारदार स्टीलने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि ओरखडा म्हणजे ऑईलला तयार वाट. तुकडे आत पडू नयेत म्हणून ऑईल परत जायच्या भोकांत फडकं कोंबा, आणि ते आठवणीने काढा. दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसून पूर्ण कोरडे करा.

नवं पॅकिंग कव्हरच्या बाजूला गॅस्केट ॲडहेसिव्हने चिकटवा, १५-२० मिनिटं सुकू द्या. हेडच्या बाजूला काही लावू नका. दोन्ही बाजूंना सिलिकॉन चोपडलं तर कॉर्क त्यावर घसरून बाहेर फुगतो. बोल्टाखालचे रबरी वॉशर चपटे किंवा कडक झाले असतील तर तेही नवे घ्या, बोल्टाच्या दांड्यावरून वर चढणारं ऑईल तेच अडवतात.

सगळे बोल्ट हाताने लावून मग मधून बाहेर, आलटून पालटून, दोन फेऱ्यांत आवळा. मॅन्युअलचा टॉर्क असेल तो पाळा. नसेल तर एम६ बोल्टला पत्र्याच्या कव्हरवर ६ ते ८ न्यूटन मीटर पुरे. कॉर्क कडेने किंचित फुगलेला दिसला की थांबा. एकदा इंजिन पूर्ण तापवून थंड झाल्यावर परत तपासा, कॉर्क बसतो आणि बोल्ट थोडे सैल पडतात. रबरी मोल्डेड पॅकिंग मिळत असेल तर कॉर्कपेक्षा तेच घ्या.

---

तेलपाणी

प्रेशर स्विचच्या कनेक्टरमध्ये ऑईल म्हणजे स्विचच्या आतला पडदा फाटला किंवा दाबून बसवलेला जोड सुटला. आवळून उपयोग नाही, बदलावाच लागतो. लांबणीवर टाकू नका: ऑईल वायरच्या आवरणातून केशनळीसारखं पुढे सरकतं, आणि पडदा पूर्ण गेला तर पूर्ण दाबाने बाहेर फेकलं जातं. नवा बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. एका वायरच्या स्विचची अर्थिंग आट्यांतूनच होते, टेपने ती तुटते, शिवाय टेपचा सुटलेला तुकडा ऑईलच्या वाटेत जातो. तांब्याचा वॉशर असेल तर नवा घ्या. नवा नसेल तर जुना फिकट लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात बुडवा, पॉलिश पेपरने घासा. तांबं परत मऊ होतं.

चेंबरच्या पुढच्या कोपऱ्यात टायमिंग कव्हर, ब्लॉक आणि चेंबर असे तिघे एकत्र येतात. तिन्हींच्या जोडात बारीक पायरी राहते आणि सपाट पॅकिंग ती भरत नाही. आत्ता नुसतं बघत राहा. ब्रीदर मोकळा झाल्यावर अशी बोटभर ओल बऱ्याचदा आपोआप थांबते. आधी चेंबरचे बोल्ट सैल आहेत का बघा, मॅन्युअलच्या टॉर्कपेक्षा जास्त नको.

पुढे कधी चेंबर उतरवलंच, तर त्या जोडावर आणि मागच्या सील हाऊसिंगच्या जोडावर मटारएवढा आरटीव्ही (साध्या तापमानाला घट्ट होणारा) सीलंट ठेवा, बाकी पॅकिंग कोरडं बसवा. ज्या इंजिनात पॅकिंगच नसतं, फक्त सीलंट असतो, तिथे ३ मिलिमीटरची सलग रेघ, बोल्टाच्या भोकांच्या आतल्या बाजूने. रेघ मारल्यावर १० मिनिटांच्या आत चेंबर चढवा, आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ झाल्याशिवाय ऑईल भरू नका. जास्त लावलेला सीलंट आत दाबला जातो, तुटतो आणि ऑईल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. बाहेरची गळती थांबवताना आतला दाब घालवू नका. बाथरूमचा, व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन तर मुळीच नको, गरम ऑईलमध्ये तो टिकत नाही.

---

मायक्रोमीटर

सील आज वाचली तरी क्लचच्या कामासाठी गिअरबॉक्स कधीतरी उतरेलच, तेव्हा ती बदलून टाका. त्या दिवसासाठी चार गोष्टी.

सील काढण्याआधी क्रँकची पुढे-मागे हालचाल डायल गेजने मोजा. ही हालचाल अडवणारे थ्रस्ट वॉशर झिजले असतील तर नवी सीलही फार दिवस टिकणार नाही. मग जुन्या सीलच्या ओठाने क्रँकवर खाच पाडलीय का ते नखाने चाचपा. नख अडलं तर नवी सील त्याच जागी बसवू नका. हाऊसिंगमध्ये जागा असेल तर २ मिलिमीटर पुढे किंवा मागे बसवा, नाहीतर पातळ रिपेअर स्लीव्ह चढवा.

नवी सील कोणत्या जातीची ते पुडा फोडण्याआधी वाचा. रबरी ओठाला बसवताना स्वच्छ ऑईलचं बोट फिरवतात. पांढऱ्या किंवा तपकिरी सपाट ओठाची पीटीएफई (टेफ्लॉन) सील मात्र बहुतेक कोरडीच बसवायची असते, क्रँकही कोरडा आणि बोटही कोरडं. सोबत आलेली प्लास्टिकची बाही शेवटपर्यंत काढायची नाही. ऑईल लावलं तर ओठाचा थर क्रँकवर बसत नाही आणि पहिल्याच दिवशी पाझर सुरू होतो. फार जुन्या इंजिनात दोरीची सील असते, तिचं तंत्र वेगळं, मॅन्युअल समोर ठेवूनच करा.

तोपर्यंत एवढं बघा: गाडी ५०० किलोमीटर चालली की बेल हाऊसिंगची झाकणी काढून आत परत एकदा कॅमेरा घाला. आतली धूळ कोरडी असली की शंका मिटली.

---

सहाचाकी

पॅकिंग, रबरी वॉशर आणि स्विच बदलले. कव्हरची कड मागच्या बाजूला १ मिलिमीटर उचललेली होती, सरळ केली. तापवून थंड केल्यावर दोन बोल्ट किंचित फिरले. ४५० किलोमीटर झाले: शेवटच्या कव्हरचा कोपरा कोरडा, कनेक्टर कोरडा, चेंबरच्या कोपऱ्यात अजून थोडी ओल पण थेंब नाही. काडीवर ऑईल खालच्या-वरच्या खुणांमध्ये बोटाच्या पेरापेक्षा कमी उतरलंय. झाकणी परवा काढून आत बघतो आणि इथेच लिहितो.